गुरुजींची चूळ

लिंबाजी गुरुजींना एखाद्या गोष्टीची किळस आली की ते उठून अंगणात जायचे, तांब्यातल्या पाण्यानं खळखळून चूळ भरायचे आणि परत येऊन बसायचे. बोलणं जिथं तुटलं होतं तिथूनच पुढं सुरू. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्यापायी चूळ भरली, हे आधीच सांगून टाकतो.

मी नगरच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. पुण्याच्या एका संस्थेनं इंटरनेटवर बोलींचा कोश करायचं काढलं होतं. शब्द त्या त्या बोलीच्या माणसांनीच भरायचे. पण त्याआधी बोली या कामाला तयार आहे का, ते तपासायचं होतं. बोलणारे किती, कुणी शब्द जमवलेत का, मोबाईल चालवणारी माणसं पुढं येतील का, अशा प्रश्नांचा एक फॉर्म होता. पाथर्डी तालुक्यातल्या ऊसतोड्यांची बोली माझ्या वाट्याला आली. गुरुजी तिथले निवृत्त शिक्षक, स्वतः ऊसतोड्याचा मुलगा. ऑफिसनं नमुन्याला दिलेले दहा शब्द मी त्यांना वाचून दाखवले. ते त्यांनी ऐकून घेतले, मग बाहेर जाऊन चूळ भरून आले आणि म्हणाले, "कुनाच्या तोंडचं हाय हे?"

"ऑफिसनं दिलंय."

"ऑफिसला तोंड असतं व्हय?"

मग त्यांनी सात वह्या काढल्या. प्रत्येक शब्दापुढं सांगणाऱ्याचं नाव, आणि तो काय करताना बोलला तेही. 'कोयता: तोडीला जानारी नवरा-बायकोची जोडी. काशीबाई, मोळी बांधताना.' घरात बसून विचारलेला शब्द ते लिहून घेत नसत. म्हणायचे, "रिकाम्या हातानं मानूस खोटं बोलतं. हात कामात असला की खरं येतं." त्यांची एकच इच्छा होती. या वह्या आपल्यामागं कपाटात कुजू नयेत, शब्द ज्यांचे त्यांनी ते आपल्या हातानं कोशात घालावेत. वय झालं होतं, छाती भरून यायची, आणि हे आपल्या डोळ्यांदेखत व्हावं एवढंच त्यांना हवं होतं.

संस्थेच्या मॅडम पाहणीला आल्या त्या पौषात. पौषात पाथर्डीकडच्या त्या गावात असतं कोण? दिवाळी झाली की माणसं तोडीला जातात, ती कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत येत नाहीत. घराघराला कुलूप होतं. पारावर चार म्हातारे आणि दोन शेळ्या. मॅडमनी फॉर्मवर लिहिलं, 'बोलणारे तुरळक.'

"बाई, पट्टा पडल्यावर या," गुरुजी म्हणाले. "आत्ता गाव हितं न्हाई. गाव कोल्हारकडं हाय."

अहवाल महिनाअखेर द्यायचा होता. गुरुजींनी हट्टच धरला, तेव्हा दुसऱ्या दिवशी आम्ही मॅडमच्या गाडीतून कोल्हारला गेलो. प्रवरेच्या काठी उसाच्या फडाकडेला पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, आणि सगळं गाव तिथं. वहीतली काशीबाई डोक्यावरची मोळी उसाच्या गाडीत टाकून आमच्याकडं आली. तिनं कमरेचा मोबाईल काढून दाखवला. गुरुजींनी तोडीच्या बायांचा एक ग्रुप करून दिला होता. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या शब्द बोलून पाठवत होत्या, आधी आपलं नाव सांगून. असे शेकड्यानं आवाज. फॉर्म जे जे मागत होता ते सगळं तिथं हातात कोयता घेऊन उभं होतं.

मॅडम गाडीतून उतरल्याच नाहीत. नाकाला रुमाल, काच अर्धी खाली. काशीबाईनं आणलेला चहा त्यांनी ड्रायव्हरला दिला. मग मला म्हणाल्या, "सर, बोलीचं क्षेत्र पाथर्डी आहे. ही माणसं क्षेत्राबाहेरची. यांना धरता येणार नाही."

म्हणजे गावात माणसं नाहीत म्हणून नाही, आणि माणसं आहेत तिथं त्यांचं गाव नाही म्हणून नाही. आजही ते आठवलं की शिसारी येते. पण मॅडमची कशाला, माझीच येते. 'बोली अद्याप तयार नाही' या वाक्याखाली स्थानिक अभ्यासक म्हणून सही लागत होती, आणि ती मी केली. पुढच्या तालुक्याचं काम मलाच मिळणार होतं, अहवालावर नाव छापून येणार होतं. एवढ्यावर विकला गेलो मी.

अहवालाची प्रत घेऊन मीच गुरुजींकडं गेलो. त्यांनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली. माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"गुरुजी, माझा नाइलाज होता."

"हं," ते म्हणाले. त्या दिवशी ते उठले नाहीत. चूळ भरली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी घडी घालून कागद मला परत दिला आणि जेवून जा म्हणाले. मी जेवलो. तेही केलं.

पट्टा पडला, माणसं गावी आली, आणि वैशाखात गुरुजी गेले. तेराव्याला अंगणात माणूस मावत नव्हता. दोन गावांपलीकडचे तोडकरी आले होते. चहूकडं तीच बोली, जी तुरळक आहे म्हणून मी सही केली होती. पंगत उठल्यावर काशीबाई माझ्यापाशी आली. गुरुजींनी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

"सर, आमच्या बोलीचं काय झालं मग? कवा घालायचे शब्द?"

मी खाली बघत म्हणालो, "बोली तयार नाही, असं ठरलं."

"कुनी ठरवलं?"

ती माझ्याकडं बघत राहिली. पोरांना हाका मारणारे, वाढपी, म्हातारे, सगळे बोलतच होते.

"तयार न्हाई म्हंजी? मंग मी आत्ता कशात बोलतीय तुमच्याशी?"

"सही माझी आहे, काशीबाई," मी म्हणालो.

ओट्याच्या कडेला गुरुजींचा तांब्या होता. तिनं तो भरून आणला, माझ्यापुढं ठेवला आणि उष्ट्या पत्रावळी उचलायला गेली.