बाहेरून लावलेली कडी

माझा राग नाकावर असतो, हे शाळेतली पोरं पहिल्या आठवड्यातच ओळखतात. अशा माणसानं पोरांना प्रश्न विचारायला शिकवायचं म्हणजे आपल्याच हातानं डोक्याला ताप करून घेणं. तो मी करून घेतला.

आमची शाळा कुरुंदा गावाच्या पुढं, अगदी रस्त्याला लागून. दोन खोल्या, दोन शिक्षक, कुंपण नाही. पहिली-दुसरी एकाच खोलीत, माझ्याकडं. रोज परिपाठ झाला की मी पोरांना दोन मिनिटं डोळे मिटून बसवायचे. काय काय ऐकू आलं ते सांगायचं आणि त्यावरून एक प्रश्न विचारायचा. नियम एकच: ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे ते विचारायचं नाही. सुरुवातीचे कितीतरी दिवस "मॅडम, पाणी प्यायला जाऊ का?" याच्यापुढं गाडी सरकेना. मग पोरं तयार झाली. हळदीचा ट्रॅक्टर भरलेला आहे की रिकामा, हे नुसत्या आवाजावरून सांगायला लागली.

आमच्या भागात जमिनीखालून अधूनमधून गडगडल्यासारखा आवाज येतो. कधी मांडणीवरची भांडी वाजतात, कधी नुसताच आवाज. मोठी माणसं "आला का आज?" म्हणतात आणि कामाला लागतात. एका सकाळी पोरांचे डोळे मिटलेले असतानाच तो आला, बारीकसा. सगळ्यांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

दुसरीतल्या एका मुलीनं हात वर केला. घरी शेळ्या-मेंढ्या, बोलणं मोजकं, पण समोरच्याचं ऐकायची अशी की बोलणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं.

"मॅडम, तुमी बाहेरून कडी लावून जाता. तवा जमीन हलली तर आमी कसं निघायचं?"

खरं होतं ते. दुसऱ्या खोलीतले सर वरचेवर कुठल्या ना कुठल्या ड्यूटीवर असत, मग तिसरी-चौथीही माझ्याच गळ्यात पडे. तिकडं जाताना मी माझ्या खोलीला बाहेरून कडी घालायचे. पहिलीतलं एक लेकरू चेंडूमागं धावत थेट ट्रकपुढं गेलं होतं, थोडक्यात वाचलं, तेव्हापासून. पालकांनाही ते पटलेलं होतं.

माझा नाकावरचा राग उसळला.

"मी असते ना इथं! बस खाली."

ती बसली आणि वहीत बघत राहिली.

दोन दिवसांनी सर पुन्हा नव्हते. तिसरी-चौथीला गणितं दिली, माझ्या खोलीला कडी घातली आणि फोन घेऊन रस्ता ओलांडला. पलीकडच्या वेल्डिंगच्या दुकानापुढंच काय ती रेंज येते. शाळेची माहिती भरायची होती. स्क्रीनवर गोल फिरतंय, फिरतंय, आणि मी मनातल्या मनात शिव्या घालतेय.

तेवढ्यात पायाखालून आवाज आला. नेहमीपेक्षा जड, लांबलचक. दुकानात भिंतीला टेकवलेल्या सळया धडाधड खाली आल्या. समोर शाळेचे पत्रे वाजायला लागले. तिसरी-चौथीची पोरं ओरडत मैदानात आली. माझ्या खोलीचं दार बंद.

मधे रस्ता, आणि रस्त्यावर दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाल्याला काही कळलंच नव्हतं, तो आपला सावकाश चालला होता. त्याची शेवटची ट्रॉली जाईपर्यंत माझ्या मनात काय काय येऊन गेलं, ते लिहवत नाही.

धावत जाऊन कडी ओढली. निघेना. चौकट सरकली होती की माझेच हात चालत नव्हते, आजही सांगता येणार नाही. आणि आतून रडण्याचा आवाज नाही. एकाचाही नाही. वेल्डिंगवाले भाई हातोडा घेऊन मागून आले. "सरका मॅडम!" एकाच घावात कडी उडाली.

सगळी होती. छतावरची थोडी धूळ डोक्यांवर पडलेली, बाकी काही नाही. दाराला चिकटून, कान फळीला लावून उभी.

"रडला काहून न्हाईत रे?" मी कसंबसं विचारलं.

"हिनं सांगितलं," कडीचं विचारणाऱ्या मुलीकडं बोट करून पहिलीतला एक जण म्हणाला, "गप ऱ्हा, मॅडम येऊन राहिल्या का ते ऐकू द्या."

सगळ्यांना मैदानात बसवलं. मोजलं, परत मोजलं. ती मुलगी उठून माझ्यापुढं आली.

"तुमी म्हणल्या होत्या, मी असते म्हणून. कुठं होत्या?"

आवाजात राग नव्हता. तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती विचारत होती.

"रस्त्याच्या पलीकडं," मी म्हणाले. "फोनवर माहिती भरत होते. मी तुला खोटं सांगितलं." भाई शेजारीच उभे होते, तिसरी-चौथीची पोरंही ऐकत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "मंग उद्या बी कडी लावणार का?"

"न्हाई. भाई, ती अख्खी काढूनच टाका."

"काढतो, मॅडम," भाई म्हणाले. "पर लेकरं रोडवर जातील, त्याचं काय?"

सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. सर उद्याही येणार नव्हते, आणि ट्रक काही थांबणार नव्हते.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. इतकी वर्षं शिकवतेय, पण हे वाक्य वर्गापुढं मी पहिल्यांदा उच्चारलं.

तेव्हा कुठं ती मुलगी रडायला लागली, आणि मी तिला गप्प केलं नाही.