शनिवारची चाळण

पुंजाराम नानांच्या देखत मी त्यांच्याबद्दल खोटं बोललो होतो, आणि ते खोटं सहा वर्षं तसंच राहू दिलं. महिन्यापूर्वी चांदवडहून नाना गेल्याचा फोन आला, तेव्हा मला सगळ्यांत आधी तेच आठवलं. त्यांचं हसणं नंतर आठवलं.

अंबडच्या ज्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे, तिथे नाना व्हायब्रो मशीन सांभाळायचे. कापून आलेल्या सुट्या भागांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. ते भाग चिनीमातीच्या खड्यांबरोबर टबात घालायचे, साबणाचं पाणी सोडायचं. टब थरथरत राहतो आणि खडे घासून घासून कडा मऊ करतात. ऐकायला सोपं. पण कोणत्या भागाला कोणता खडा, हे ठरवण्यात नानांचं आयुष्य गेलं. नवा भाग आला की ते तो गालावरून फिरवत, मग खडा त्याच्या प्रत्येक भोकात घालून बघत. एकदा ॲल्युमिनियमच्या भागांना मी घाईत पोलादासाठीचेच खरखरीत खडे सुचवले. नाना म्हणाले, "पोरगी नाजूक हे साहेब, नवरा लय तापट. सोयरीक नाय जमायची." आणि त्यांनी प्लॅस्टिकचे मऊ खडे काढले. पितळेचे भाग ते शेवटी मक्याच्या कणसांच्या भुशात लोळवत. ते पिवळेधमक होऊन बाहेर आले की म्हणत, आता हळद लागली.

दर शनिवारी दुपारी मशीन थांबवून ते सगळे खडे चाळायचे. खडा वापरून झिजतो. काल जो भोकात शिरत नव्हता, तो आज शिरतो आणि अडकतो. मला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटे. सहा वर्षांपूर्वी एक ऑर्डर घाईची होती, तेव्हा मी चाळण बंद करायला सांगितली. नाना एवढंच म्हणाले, "अडकंल साहेब."

तीन आठवड्यांनी पंपाच्या भागांचा अख्खा लॉट परत आला. तेलाच्या भोकांत खडे रुतून बसले होते. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा मी म्हणालो, नानांनी चाळलं नाही. वाक्य खरं होतं. मीच चाळू दिलं नाही, एवढं मी गिळलं. नाना माझ्याकडे बघत राहिले. चाळण पुन्हा सुरू झाली, पण नानांच्या हातून नाही. त्यांना पॅकिंगला बसवलं, आणि तिथूनच ते निवृत्त झाले.

गेल्या दिवाळीत त्यांना भेटायला गेलो, बोलायचं ठरवूनच. ओट्यावर बसलो. त्यांनीच विचारलं, शनिवारी चाळता ना आता? मी हो म्हटलं. "मंग बरं हे," म्हणाले, आणि चहा आला... मी तसाच परतलो.

दशक्रियेनंतर त्यांच्या पत्नीला, सिंधूकाकूंना, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना तर माहीतच व्हतं. तिथल्या मानसांला माहीत हे का?"

नानांची चाळणी अजून मशीनमागे खिळ्याला टांगलेली आहे. जाळी फाटली होती तिथे त्यांनी पितळी तार विणली आहे. परवा शनिवारी मी ती हातात घेतली, चहाला जमलेल्यांना थांबवलं, मालकांनाही बोलावलं.

म्हणालो, "पंपाचा लॉट परत आला, त्या वेळी चाळण मी बंद करायला लावली होती. खडे अडकतील, हे नानांनी सांगितलं होतं. तुमच्यासमोर मी त्यांचं नाव घेतलं. चूक माझी होती, त्यांची नव्हती. नाना... मला माफ करा."