दोन फळ्यांवरचे कौल

कॉलेजातले पहिले वर्ष आटोपून मी उन्हाळ्यात कल्याणला घरी आलो, तेव्हा मला एक नवी विद्या येत होती आणि ती कोणाला तरी दाखवावी अशी फार इच्छा होती. बीजगणिताच्या पुस्तकात शेवटी एक प्रकरण होते, संभवाचे. पिशवीत पांढऱ्या आणि काळ्या गोट्या आहेत, न पाहता एक काढली तर ती पांढरी निघण्याचा संभव किती, अशी त्यातली उदाहरणे. आमच्या वर्गातल्या बहुतेकांना ते प्रकरण कंटाळवाणे वाटे. मला मात्र जे अजून घडलेच नाही त्यालाही अपूर्णांकात बसवता येते, याचे इतके नवल वाटले की मी ते प्रकरण दोनदा सोडवले.

पण घरात दाखवणार कोणाला? वडील खाडीवर होड्या बांधत. त्यांना सहीपुरतीही अक्षरे येत नव्हती. लाकडावर ते खिळ्याने खुणा करीत आणि त्या खुणा त्यांच्याशिवाय कोणालाच कळत नसत. आमच्या कुळात कॉलेजात गेलेला मीच पहिला. तिथे काय शिकतोस, असे मला घरी कोणी विचारले नव्हते. विचारले असते तर नीट सांगता आले असते की नाही, कोण जाणे.

आल्यावर आठ दिवसांतच आईकडून कळले की वडिलांच्या मनात मला परत पाठवावे की नाही याचा विचार चालू आहे. मोठी करवत ओढायला दोन माणसे लागतात आणि वडिलांचा जुना जोडीदार त्या वर्षी थकून घरी बसला होता. मी वडिलांना विचारले. ते होडीच्या पोटाशी वाकून फळीचा सांधा पाहत होते. मान वर न करता म्हणाले, "देवीला विचारू."

आमच्या बंदरावर ही रीतच होती. खाडीच्या काठी, आमच्या कामाच्या जागेला लागूनच, ग्रामदेवीचे लहान देऊळ आहे. गुरव तगरीच्या दोन पाकळ्या पाण्याने भिजवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवतो. उजवी आधी गळली तर देवीचा होकार, डावी गळली तर नकार. नवी होडी घालायची, मुलगी द्यायची, कोणाला गावी पाठवायचे, सगळे याच कौलावर ठरे. वडिलांनी आजवर एकही होडी कौलावाचून सुरू केली नव्हती.

"तीन कौल लावू," ते म्हणाले. "तिन्ही उजवे आले तर जा."

 मला लगेच ते प्रकरण आठवले आणि मी तिथेच भुश्शात बोटाने रेघा मारायला बसलो.

"बाबा, तिन्ही उजवे यायला आठांत एकच संधी आहे. उजवा-उजवा-उजवा, उजवा-उजवा-डावा, असे एकंदर आठ प्रकार होतात, आणि माझ्या उपयोगाचा त्यातला एकच."

"मग?"

"तीनांत दोन उजवे आले तरी चालेल, असं ठेवा. म्हणजे आठांतले चार माझे, चार तुमचे. निम्मेनिम्म."

वडिलांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. माझ्या हिशेबाचे त्यांना कौतुक वाटले असे मी तेव्हा समजलो. "बरं," ते म्हणाले. "तीनांत दोन."

तो दिवस मला फार आनंदाचा वाटला. आम्ही दोघांनी बसून एक करार केला आहे, आता ना ते माझ्या विरुद्ध ना मी त्यांच्या, असे काहीसे मनात आले.

दोन दिवसांनी दुपारचे जेवण झाल्यावर त्यांनी उपरणे खांद्यावर टाकले आणि म्हणाले, "चल." आई उष्टी काढत होती. तिने हातातले ताट खाली ठेवले, त्यांच्याकडे पाहिले, आणि ते पुन्हा उचलले.

पहिला कौल डावा आला. गुरवाची सवय अशी की पाकळी गळली की तो बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडे. "डावा!" दुसऱ्या वेळी पाकळ्या चिकटवल्या, मी उजव्या खांद्याकडे पाहत होतो. "डावा!" तिसरा लावायची गरजच उरली नाही. वडील देवीला नमस्कार करून म्हणाले, "तिची इच्छा." बाहेर येताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला त्या वेळी खरेच आधाराचा वाटला. लागोपाठ दोन डावे येण्याचा संभव चारांत एक, म्हणजे काही अघटित घडले नव्हते. मी स्वतःची तशी समजूत घातली.

त्या वर्षी मी लाकूड तासायचा वाकस हाती घेतला. हाताला घट्टे आले. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहणारा माझा एक वर्गमित्र होता, तो एकदा मला भेटायला आला आणि मला लाकूड तासताना पाहून मोठ्याने हसला. "अरे, तू तर विश्वकर्मा झालास! आणि आम्ही तिथे गोट्या मोजतोय!" मग हसणे थांबवून त्याने विचारले, "परत येणार ना रे?" मी कौलाची हकीकत सांगितली. तो म्हणाला, "दोनच पाकळ्यांवरून तू ठरवलंस की ते निम्मेनिम्म आहे? गोट्या किती आहेत ते पिशवी उघडून पाहिलंस का कधी?"

तो गेला, पण त्याचे बोलणे डोक्यातून जाईना. देऊळ हाकेच्या अंतरावर आणि गुरवाचा आवाज खणखणीत, तेव्हा मोजायला अवघड काय होते? मी कोळशाने एका फळीवर रेघा ओढू लागलो. उजव्याला उभी रेघ, डाव्याला आडवी. ते आभाळाचे दिवस होते. दोन अडीच महिन्यांत चाळीस कौल ऐकले, एकवीस उजवे, एकोणीस डावे. मला खरोखर बरे वाटले. देवी कोणाचा पक्षपात करीत नव्हती. मी हरलो होतो, पण सरळ खेळात हरलो होतो.

गुरवाने एकदा ती फळी पाहिली. "काय रे, देवीचा हजेरीपट लिहितोस काय? मी गैरहजर असलो तर दंड किती?"

"नाही काका, उगीच आपलं."

"उगीच कशाला, लिही. एवढं कालेज केलंस, वाया नको जायला."

नवरात्र झाले आणि उघडीप पडली. आता उन्हामुळे आम्ही काम सावलीप्रमाणे हलवत असू. सकाळी होडीच्या मावळतीच्या अंगाला, दुपारी उगवतीच्या. त्यामुळे रेघांसाठी दोन फळ्या झाल्या, ज्या बाजूला काम त्या बाजूची. त्यामागे माझा कसला विचार नव्हता. हाताशी असेल ती फळी एवढेच. कार्तिक सरता सरता मी दोन्हींची बेरीज केली. छत्तीस कौल, एकोणीस उजवे, सतरा डावे. पुन्हा निम्मेनिम्मच. कोळसा टाकून मी उठणार होतो, इतक्यात दोन्ही फळ्या शेजारी शेजारी पडलेल्या दिसल्या.

सकाळच्या फळीवर जवळजवळ सगळ्या उभ्या रेघा होत्या. वीसांत सतरा. दुपारच्या फळीवर जवळजवळ सगळ्या आडव्या. सोळांत चौदा.

मी दोन्हींवरच्या रेघा पुन्हा मोजल्या. मग देवळात गेलो. देवीचे तोंड उत्तरेला आहे आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींना एकेक झरोका आहे. सकाळचे ऊन उगवतीच्या झरोक्यातून देवीच्या उजव्या खांद्यावर पडते, तिथली पाकळी आधी सुकते आणि गळते. दुपार कलली की ऊन मावळतीकडून डाव्या खांद्यावर येते. आभाळाच्या दिवसांत ऊनच नव्हते, म्हणून तेव्हा कौल खरेच निम्मेनिम्म पडत होते. पुस्तकात एक वाक्य होते की एखादी गोष्ट कळली म्हणजे पुढचा संभव बदलतो. ते मी पाठ केले होते, पण त्याचा अर्थ मला त्या झरोक्यासमोर उभे राहिल्यावर समजला. कौल उजवा पडेल का, हा प्रश्नच अपुरा होता. सकाळ आहे की दुपार, हे आधी विचारायला हवे होते.

मग मी माझे गणित पुन्हा मांडले. दुपारी उजवा येण्याचा संभव आठांत एक धरला, तर तीनांत दोन उजवे मिळण्याचा संभव दोनशे छप्पन्नांत अकरा येतो. पहिल्या अटीवर मी कुरकुरलो होतो, ती आठांत एकाची होती. भांडून मी ती निम्म्यावर आणली असे मला वाटले होते. प्रत्यक्षात माझ्या हाती दोनशे छप्पन्नांतले अकरा होते.

तरीही एक शंका उरली. वडिलांना हे माहीत नसेल तर? जेवण झाले, वेळ मोकळा होता, म्हणून दुपारी नेले असेल तर? मला तसेच असायला हवे होते. मी गुरवाला विचारले, "काका, बाबा होडीचा कौल लावायला कधी येतात हो?"

"सकाळी. होडी घालायचीच असते ना त्याला."

"आणि दुपारी कोण येतं?"

"ज्याला नको असतं तो." गुरव पाकळ्या निवडत होता, त्याने अगदी सहज सांगितले. "सोयरिकीला तोंडावर नाही कसं म्हणायचं? मग दुपारी येतात. समोरच्यालाही कळतं, रागही येत नाही. ज्यांना खरंच काही ठरवता येत नाही ते आभाळ पाहून येतात."

"म्हणजे देवी काहीच सांगत नाही?"

"ऊन कोणाचं आहे रे पोरा?" तो म्हणाला, आणि मग माझा चेहरा पाहून थांबला. "तुला ठाऊक नव्हतं?"

लहानपणापासून मी शाळेत असे, सकाळीही आणि दुपारीही. बंदरावरच्या पोरांना जे नकळत कळत गेले ते मला कोणी सांगितलेच नव्हते.

त्याच संध्याकाळी मी दोन्ही फळ्या वडिलांसमोर ठेवल्या. ते हातपाय धुऊन ओट्यावर बसले होते. त्यांनी रेघा पाहिल्या. खुणांचा माणूस, समजावून सांगावे लागले नाही.

"दुपारी नेलं तेव्हाच तुला कळायला हवं होतं," ते म्हणाले.

"आपण ठरवलं होतं, बाबा. तीनांत दोन. तुम्ही बरं म्हणालात."

"मला वाटलं, तू माझी लाज राखतोयस. बाप नाही म्हणणार हे कळलंय, पण पहिल्याच कौलात तोडलं असं लोकांना दिसू नये, दोनदा विचारून मग नाही म्हटलं असं व्हावं, म्हणून तीनांत दोन म्हणतोस. मला बरं वाटलं होतं. म्हटलं, पोरगा शहाणा आहे."

 ज्या क्षणाला मी आमचा करार समजत होतो, त्या क्षणी ते माझी विद्या पाहतच नव्हते. आणि मी त्यांचा नकार ऐकत नव्हतो.

"तुम्ही सरळ नाही का म्हणाला नाहीत?"

"कसं म्हणू? तू काही विचारलंस की मला त्यातलं अर्धं कळत नाही. सुट्टीत आलास, आठ दिवस ओट्यावर वाचत बसलास. एवढी होडी समोर उभी होती, एकदाही वर चढून पाहिलीस का? तेव्हाच म्हटलं, हा आणखी एक वर्ष गेला की परत यायचा नाही."

हे खरे होते. मी होडीवर चढलो नव्हतो. पण ते खरे असल्याने माझा राग कमी झाला नाही. पाठीवर ठेवलेला तो हात मला आठवत होता आणि तोच सर्वांत जास्त टोचत होता. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. "तुलाही ठाऊक होतं," मी आत जाऊन आईला म्हणालो. ती म्हणाली, "त्या दिवशी ताट टाकून मी तुझ्या वाटेत उभं राहायला हवं होतं," आणि पदर डोळ्यांना लावला.

 जेवण झाल्यावर हात धुताना वडील म्हणाले, "जायचंच असेल तर उद्या सकाळी देवळात जा. उजवा येईल. मग मी अडवणार नाही."

एवढे केले असते तर सगळे सोपे झाले असते. घरात, बंदरावर, कोणाला काही सांगावे लागले नसते. पण मला ते जमेना. "मला देवीकडून नको," मी म्हणालो. "तुमच्या तोंडून हवंय. जा किंवा जाऊ नको, काहीही म्हणा, पण तुम्ही म्हणा."

ते हात पुसून ओट्यावर निघून गेले. मी चार दिवस वाट पाहिली. आम्ही रोज करवत ओढली, एक टोक त्यांच्या हाती, एक माझ्या, आणि लाकडापुरतेच बोललो. चारही सकाळी लख्ख ऊन होते. रोज देवळावरून जाताना ते पाऊल किंचित आखडत, आणि मी सरळ पुढे जाई. पाचव्या दिवशी मी पुस्तके बांधली. मी नमस्कार केला तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण "जा" म्हणाले नाहीत.

आता नवे सत्र सुरू होऊन दोन महिने झाले आहेत. घरून निरोप येतात, ते आईचे. त्या चार सकाळींपैकी एका सकाळी मी देवळात गेलो असतो, तर वडिलांना आपला होकार देता आला असता, त्यांना येत होता त्या एकाच रीतीने. हे मला इथे आल्यावर सुचले. सुचले तरी राग गेलेला नाही. दोन्ही एकाच वेळी मनात असतात, आणि सुट्टीत घरी जावे की नाही हे मी अजून ठरवलेले नाही.