रिकाम्या खुर्चीची मुलाखत

मी पणजीला टीव्हीचा कोर्स करायला लागले तेव्हा बाबांनी शेजारीपाजारी सांगून टाकलं, "आमचा चेडू कॉम्प्युटर शिकता." टीव्हीचा कोर्स म्हणजे टीव्ही दुरुस्त करणं, असं आमच्या डिचोलीच्या बाजारात निम्म्या लोकांना वाटायचं. मी भांडभांड भांडले आणि शेवटी नाद सोडला.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक माहितीपट करायचा होता. तो झाला नाही तर वर्ष गेलंच. मी बाबांना निवडलं. खाणी जोरात होत्या तोवर त्यांनी शिरगावहून मालाचा ट्रक हाकला, आता शाळेची बस चालवतात. कॉलेजचा कॅमेरा मला दोनच दिवस मिळाला. दिग्दर्शक मी, कॅमेरामन मी, आणि वायरीत पाय अडकून पडणारीही मीच.

बाबा नव्या शर्टाला कडक इस्त्री करून, केसांना तेल चोपडून घरातल्या खुर्चीवर बसले. मी त्यांच्या कॉलरला बिनतारी माइक लावला. कॅमेऱ्याचा लाल दिवा पेटलेला दिसला की भल्याभल्यांचा पुतळा होतो, म्हणून आम्ही त्यावर काळी पट्टी चिकटवतो. ती चिकटवताना माझा अंगठा बटणावर पडला असणार. रेकॉर्डिंग तिथेच सुरू झालं. मग मी ऐटीत "रोलिंग!" म्हणून बटण दाबलं, आणि ते बंद झालं. बटण एकच हो, एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद! आधी स्क्रीन बघा, मगच रोलिंग म्हणा, असं सर तीन वर्षं कानीकपाळी ओरडत होते. पण उघड्या जनेलातून ऊन थेट स्क्रीनवर येत होतं, आणि मी अतिशहाणी.

"नमस्कार. ट्रक हे एक अवजड वाहन आहे," बाबांनी सुरुवात केली. मी कपाळावर हात मारून घेतला. एरवी ज्यांच्या तोंडाला कुलूप नाही, ते बाबा पाठ्यपुस्तक वाचल्यासारखे बोलत होते. तीनदा घेतलं, तिन्ही वेळा तेच. प्रत्येक वेळी मी बटण दाबून थांबवलं की ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचे.

कॅमेरा परत केला आणि एडिटिंगला बसले, तर मुलाखतीचा एक शब्द नाही! मी थांबवलं असं समजत होते तेवढंच सगळं आत आलेलं. पडद्यावर नुसती रिकामी खुर्ची. मेले गो बाय, म्हणत मी तिथेच रडायला लागले. तेवढ्यात हेडफोनमध्ये भांड्याचा आवाज आला. बाबा माइक लावूनच आत गेले होते.

"भरलेलो ट्रक उतरणीवर हाणताना कधी हात थरथरले नाय गो. आज बघ."

"शाळेच्या बशीत पोरांका वरडताना बरे शब्द गावतत!" आई म्हणाली.

बाबा हसले. मग हळूच म्हणाले, "इतकी वर्सां कोणी विचारूक नाय, तू ट्रक कसो चालवतस म्हणान. आज चेडू विचारता, आणि माका शब्द गावनत नाय. तिचा वर्स माझ्यामुळे जायत."

मी तो भाग चार वेळा ऐकला. माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. पण त्यांना न विचारता हे लोकांसमोर लावायची माझी हिंमत होईना. ते नको म्हणाले असते तर संपलंच. शनिवारी लॅपटॉप घेऊन घरी गेले, सगळा घोटाळा सांगितला आणि त्यांना ऐकवलं. आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. बाबा त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले.

"ठेव," ते शेवटी म्हणाले. "पण माझो शर्ट फुकट गेलो मगे!"

मी पास झाले. पण त्याआधीची गोष्ट सांगायची राहिली. त्याच शनिवारी संध्याकाळी मी चहात पोई, आपला गोव्याचा पाव, बुडवत होते, तर बाबा येऊन त्या खुर्चीवर बसले. अंगात जुना बनियन.

"कॅमेरो नाय मां?"

"नाही, बाबा."

"मग आता विचार बाय, ट्रक कसो चालवतंय ता."