चार्टपेपरवरचा सरदार

मुलीचा शाळेतला प्रोजेक्ट आईनं करायचा, ही रीत आम्ही पुण्याहून जपानात, टोकियोजवळच्या ग्योतोकुला बरोबर नेली होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मुलगी दहा वर्षांची, इंग्रजी शाळेत. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला एक माणूस निवडायचा होता. तिनं तिथल्या ओनायडा या आदिवासी जमातीचा एक युद्धसरदार निवडला. अशा सहा जमातींचा संघ म्हणजे त्यांचं एकच घर. युद्धात ते फुटलं. बरेचसे भाऊबंद इंग्रजांकडे गेले, हा मात्र वसाहतवाल्यांच्या बाजूनं लढला.

चित्र अर्थात मीच काढलं. मला एकाच प्रकारचं नाक येतं. त्यामुळे डोक्यावर पिसं, हातात बंदूक आणि मधे हुबेहूब माझे सासरे. ते जाऊन दोन वर्षं झाली होती. खोडून पुन्हा काढलं, तर डोळे अधिकच त्यांचे आले. शेवटी नाद सोडला आणि तक्ता बाहेरच्या खोलीत चिकटवला.

सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. पितृपंधरवड्यात सासऱ्यांची तिथी शनिवारी आली. नवरा सकाळी तर्पण करून ऑफिसला पळाला. मी खीर-वडे करून पान बाल्कनीत ठेवलं. जपानी कावळा म्हणजे आपल्या कावळ्याचा पैलवान काका. कचऱ्याच्या पिशव्यांवर जाळी टाकून अख्खी इमारत त्याच्याशी लढते. त्याला आग्रहानं जेवायला बोलावणारी मी एकटीच. म्हटलं, हा काय न शिवतोय!

कावळा आला, कठड्यावर बसला. पानाकडे पाहीचना. काचेतून आत, थेट तक्त्याकडे बघत राहिला. ओरडला नाही, हलला नाही. दोन वाजायला आले. इतका गप्प कावळा मी जपानात पाहिला नव्हता.

"काहीतरी राहिलंय ह्यांचं," सासूबाई म्हणाल्या.

मी हात जोडले. "बाबा, तुमच्या लेकाला रोज ताज्या पोळ्या करून घालीन."

कावळ्यानं मान फिरवली.

"खोटं कळतं हो त्यांना," सासूबाई म्हणाल्या.

ती शांतता मला सोसेना. मुलीला म्हटलं, "तुझं भाषण म्हणून दाखव आजीला."

"आजी, याला गोळी लागली. इथे, मनगटात. मग त्याची वाइफ बंदूक भरून द्यायची आणि तो मारायचा. समोर त्याच्याच घरातले होते."

"जिंकला का मग?"

"त्याची साइड जिंकली. पण नंतर त्यांचीच जमीन गेली. ज्यांना हेल्प केली ना, त्यांनीच घेतली."

सासूबाई तक्त्याजवळ गेल्या. आल्यापासून त्यांनी तिकडे नीट पाहिलंच नव्हतं. बराच वेळ बघत राहिल्या.

सासऱ्यांनी धाकट्या भावाविरुद्ध, भाडेकरूच्या बाजूनं कोर्टात साक्ष दिली होती. त्या भाडेकरूनं पुढे घरच गिळलं. दोघे भाऊ पुन्हा एकमेकांशी बोलले नाहीत, एवढं मला माहीत होतं.

"ह्यांचा राग महिन्याभरात उतरायचा गं," सासूबाई तक्त्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "मीच पुन्हा भरून द्यायचे. भाऊजींची पत्रं आली, ती ह्यांना दाखवलीच नाहीत."

मग बाल्कनीच्या दाराशी जाऊन त्यांनी पदर खांद्यावर घेतला. "बोलेन मी भाऊजींशी."

कावळा हलला नाही.

"बोलेन म्हटलेलं चालत नाही वाटतं," त्या पुटपुटल्या आणि फोनकडे वळल्या. भाऊजींचा सांगलीचा नंबर त्यांना पाठ होता. इतकी वर्षं न लावता पाठ होता!

"भाऊजी, मी वहिनी बोलतेय. जपानहून. तुमची पत्रं मी लपवली होती. ह्यांना कधी मिळालीच नाहीत."

मी त्यांच्याकडे बघत होते, म्हणून बाहेरचं दिसलं नाही. वळले तेव्हा पान स्वच्छ होतं, खिरीचा थेंबही नाही. पंखांचा आवाज कुणालाच आला नव्हता.

पलीकडून चुलतसासऱ्यांचा आवाज आला. सासूबाईंनी रिसीव्हर माझ्याही कानाशी धरला.

"वहिनी, इथंही दादाचं पान ठेवलंय. तासभर शिवत नव्हता. आत्ता शिवला. तुम्ही बोलत होता तेव्हा."

"मग जेवून घ्या भाऊजी," सासूबाई म्हणाल्या, आणि दोघं फोनवर रडायला लागले.