टेबलावरची मूठ

आमच्या गावातल्या द्वारका चौकात एक रेडिओ दुरुस्त करणारा बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. कॉलेजात असताना मी घरी बनवलेला, जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर अधूनमधून मुका व्हायचा, आणि त्याच्या दुकानात नेला की गुणी बाळासारखा गात बसायचा. तिसऱ्या खेपेला तो वैतागून घरीच आला. कानामागची पेन्सिल काढून त्याने एकेक व्हॉल्व्ह हळूच ठोकून पाहिला. गाणं चालूच.

"बंद पडतो तवा घरात काय चाललेलं असतं?"

"बाबा मला बोलत असतात," मी म्हणालो.

"मग बोला ना काका."

पाहुण्यासमोर बाबा अवघडले. "अभ्यास करत जा बरं का," एवढंच म्हणाले.

त्याने मान हलवली. "असं नाय. रोजच्यासारखं."

मग बाबा तापले. माझे मार्क, माझे वाढलेले केस, हा भिकार खोका, सगळं निघालं आणि शेवटी टेबलावर मूठ आदळली. गाणं थांबलं.

"सापडला!" तो हरखून ओरडला. अँप्लिफायर उलटा करून हादऱ्याने सुटणारा सोल्डरचा एक डाग त्याने पक्का केला. "मारा आता."

बाबांनी मूठ मारली. मग आणखी जोरात मारली. गाणं चालूच.

मी खूश. बाबा मात्र त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. खिडकीतून मला ऐकू आलं, "अहो, तो डाग जरा कच्चा नाही का ठेवता येणार? घरात माझं ऐकणारं तेवढंच एक होतं."