दिवसाला एकच टोमणा

माझ्या जिभेला हाड नाही, हे काळाचौकीच्या आमच्या चाळीत कुणीही सांगितलं असतं. सासूबाईंनी तर लग्नानंतर आठवड्यातच सांगितलं होतं. आमचे हे गिरणीत विणकर. कामावर होते तोवर माझ्या एका शब्दाला दोन परत करायचे. मग संप झाला आणि माणूस दिवसभर दहा बाय बाराच्या खोलीत. माझं तोंड चालूच. चादरीची घडी वाकडी, चहात साखर जास्त, उठता-बसता टोमणे.

एका दुपारी जेवायला वाढताना मी असंच काहीतरी बोलले. सकाळपासूनचा पाचवा की सहावा टोमणा असेल. ह्यांनी नुसतं ताट सरकवलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. भांडणारा नवरा मला चालत होता, गप्प झालेला नको होता.

तेव्हा मनाशी ठरवलं, यापुढे दिवसाला एकच टोमणा. अगदीच बंद करणं मला जमलं नसतं, खोटं कशाला बोलू? पण एकच म्हटल्यावर तो फुकट कसा घालवायचा? सकाळी सुचलेले सगळे दुपारपर्यंत फालतू वाटायचे. भांडी घासताना मी शब्द फिरवत बसायची, हा काढ, तो घाल. चार-पाच दिवसांनी हे गॅलरीत नेहमीसारखे रेलून उभे होते. म्हटलं, "कठडा सोडा हो आता. पडणार नाही तो."

हे वळले आणि हसले. किती महिन्यांनी! त्यानंतर संध्याकाळच्या चहाला माझ्या तोंडाकडे बघत बसायचे, आज काय येतंय म्हणून.

पण हसून काम थोडंच मिळतं? गिरणी उघडायची चिन्हं नव्हती. एका सकाळी ह्यांनी बॅग भरली. गावी जातो म्हणाले, कायमचा. तुझ्या शिवणकामावर तुझं नि पोरांचं भागेल, तेवढंच एक खाणारं तोंड कमी. मला कळत होतं, एकदा गेला की हा माणूस लाजेने परत यायचा नाही. रडावंसं वाटलं, हात जोडावेसे वाटले. पण त्यामुळे हे थांबले नसते, उलट जास्तच खचले असते. त्या दिवसाचा माझा टोमणा अजून शिल्लक होता.

"जा खुशाल," मी म्हटलं. "पण तिथे तुम्हाला टोमणे कोण मारणार?"

हे उंबऱ्यातच बॅगेवर बसले. आधी हसले, मग पोरांसमोर हमसून हमसून रडले आणि म्हणाले, "नाही गं जात."